झोका कुठे संपतो

सावळीघाट, ता. समुद्रपूर, जि. वर्धा
२३ फेब्रुवारी २०२५

चि. काजल,

सप्रेम जयभीम. एवढे लांबलचक पत्र पाहून तुझ्या रूमवरची दिपाली हसेल, तिला हसू दे. फोनवर तुझा आवाज मला फोडणी तडतडल्यासारखा येतो. मी आपला ‘हो, हो’ करत राहतो आणि नंतर तुझी मामी सांगते की तू ‘मामा, तब्येत बिघडली का?’ असे विचारत होतीस. त्यापेक्षा कागद बरा. कागद दोनदा वाचता येतो.

आपल्या नाल्यावर झुलता पूल झाला. अलीकडे आपली वस्ती, पलीकडे शाळा, ग्रामपंचायत आणि बाकीचे गाव. इतकी वर्षे पावसाळ्यात आपली पोरे रपट्याच्या ठेंगण्या फरशीवरचे पाणी ओसरायची वाट पाहत बसायची, तेव्हा कोणाला कळवळा आला नाही. आता सरपंच भैय्याजींना एकदम आला. लोखंडी दोर, लाकडी फळ्या, दोन्ही काठांना खांब, सगळे सहा महिन्यांत उभे. परवा तर ते आपल्या ओट्यावर येऊन बसले, मामीच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, “गुरुजी, पुलाचा पयला मान तुमचा. चौदा एप्रिलची मिरवणूक पुलावरून गावात येऊ द्या. मी सोता हार घेऊन उभा राह्यतो.”

यात वाईट काय, असे तू म्हणशील. वाईट काहीच नाही, तेच मला खटकते. त्या माणसाने आजवर आपल्या वस्तीत चहा घेतलेला नाही, आणि आता कपबशी विसळून ठेवायला उठला.

आणि पूल हलतो. झुलता आहे तर हलणारच, असे रुपेश म्हणतो. रुपेश म्हणजे जयंती समितीचा यंदाचा अध्यक्ष, माझ्याच हाताखाली चौथी पास झालेला. पण हा पूल वरखाली कमी आणि आडवा जास्त हलतो. दोन माणसे गेली तरी दोर धरावासा वाटतो. मिरवणुकीत दोनशे माणसे असतील, पुढे लेझीम असेल, कडेवर लेकरे असतील. मी नाही म्हटले तर म्हणतील, म्हातारा जळतो. हो म्हटले आणि काही झाले, तर मी कोणत्या तोंडाने विहारात बसू?

तू पुण्यात गाड्यांचे शॉकअप संगणकावर हलवून पाहतेस ना? तसाच हा पूल हलवून पाहा. पक्का निघाला तर मी मिरवणुकीत सर्वांत पुढे नाचेन. नाही निघाला तर मिरवणूक नेहमीसारखी रपट्यावरून नेऊ. समितीपुढे ठेवायला तुझा कागद पाहिजे.

तुझा मामा,
कवडू


पुणे
२ मार्च २०२५

ती. मामा,

जयभीम. दिपाली हसली नाही, तिने तुमचे अक्षर पाहून तोंडात बोट घातले.

तुमचे काम मी घेतले. रोज ऑफिसात जे करते तेच आहे हे, फक्त गाडीच्या जागी पूल. संगणकाला पूल दिसत नाही. त्याला तीनच गोष्टी सांगायच्या: वजन किती, बाजूला ओढला तर परत जाग्यावर यायला किती जोर लावतो, आणि हलता हलता किती लवकर शांत होतो. मग वरून चालणाऱ्यांचे धक्के द्यायचे. संगणक वेळेचे अगदी बारीक तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला पुलाला विचारतो, आता कुठे आहेस, किती वेगात आहेस, पुढच्या तुकड्याला कुठे असशील? असे हजारो प्रश्न विचारून झाले की पडद्यावर एक नागमोडी रेघ येते. रेघ आखूड राहिली तर पूल बरा. चढत गेली तर नाही.

लांबी, फळ्यांचे वजन, दोराची जाडी हे मी मिळवले आहे. एकच गोष्ट जाग्यावर मोजावी लागेल आणि ती तुम्हीच मोजा, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. पुलावर कोणी नसताना मधोमध दोराला आडवा धक्का द्यायचा आणि सोडून द्यायचे. तो एका मिनिटात किती झोके खातो ते मला कळवा. त्या आकड्यावरून पुलाचा ताठरपणा निघतो आणि बाकी सगळे त्यावर उभे आहे.

एक विचारू का? रागावू नका. पूल भैय्याजींच्या ऐवजी दुसऱ्या कोणी बांधला असता, तरी तुम्हाला तो एवढाच हलताना दिसला असता का? पूल मी तपासणारच आहे. पण तपासताना मला कोणाच्याच बाजूने उभे राहायचे नाही.

मामीला सांगा, मी येईन तेव्हासाठी अंबाडीची भाजी वाळवून ठेवा.

तुमची,
काजल


सावळीघाट
९ मार्च २०२५

चि. काजल,

जयभीम. मोजले. मामी आणि मी दोघांनी मिळून मोजले, आकडा एकशे दहा. तीनदा मोजले, तीनदा तोच.

आणि ऐक, मी आणखी एक गोष्ट पाहिली. आपली माणसे चालतात तीही मिनिटाला साधारण एकशे दहा पावले. लेझीमही त्याच चालीत असते. पावले तेवढीच, झोकेही तेवढेच. झोक्यावर बसलेल्या पोराला त्याच्या तालावर ढकलत राहिले तर झोका कुठवर जातो, हे सांगायला मला संगणक लागत नाही. तुझे यंत्र काय म्हणते ते पाहू.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: होय, दिसला असता. निवडणुकीत मी भैय्याजींपुढे पडलो हे गावाला माहीत आहे, तुलाही आहे, आणि तू ते शब्द न लिहिता लिहिलेस. तुझ्या आईचीही हीच खोड आहे.

आता माझा प्रश्न. फळ्यांचे वजन आणि दोराची जाडी तुला पुण्यात बसून कशी मिळाली? मी पंचायतीत मागितले तर कारकून म्हणाला, “साहेब दौऱ्यावर गेलते, कागद त्याईच्या कपाटात हाय.” कपाटाची किल्ली तुझ्याकडे कशी आली, ते मला समजत नाही. कुठेतरी पाणी मुरते आहे.

मामा


पुणे
१७ मार्च २०२५

ती. मामा,

जयभीम. निकाल हाती आला आहे. पूल सुरक्षित आहे.

मी तो पाच वेगवेगळ्या प्रकारे चालवला: थोडी माणसे, खूप माणसे, सावकाश, झपझप, आणि शेवटी दोनशे माणसे एकाच तालात. काहीही केले तरी पूल आडवा अर्ध्या बोटाहून जास्त सरकत नाही. रेघ कुठेच चढत नाही.

तुमचा पावलांचा मुद्दा चांगला होता, पण त्यात एक बारीक चूक आहे. डावे पाऊल पुलाला एका बाजूला रेटते, उजवे दुसऱ्या बाजूला. म्हणजे एकाच बाजूचा रेटा दर दोन पावलांनी परत येतो. एकशे दहा पावले म्हणजे आडवे रेटे पंचावन्न. तुमचा पूल मिनिटाला एकशे दहा झोके खातो. ताल दुप्पटीने वेगळा आहे, म्हणून धक्के एकमेकांत जुळतच नाहीत. शाळेत तुम्हीच म्हणायचे ना, घाई करू नका, उदाहरण पुन्हा वाचा.

दोन माणसे गेली तरी दोर धरावासा वाटतो, असे तुम्ही लिहिले होते. हिशेबात तसे काही दिसत नाही. मन आधीच धास्तावलेले असले की पाय जास्त डगमगतात. मी तुम्हाला खोटे म्हणत नाही. पण पुलाच्या जागी तुम्हाला भैय्याजी दिसत असावेत असे मला वाटते, आणि ते लिहिताना मला वाईट वाटते आहे.

आकडे मला कार्यालयातून मिळाले. ओळखीतून. त्यात मुरण्यासारखे काही नाही.

एक प्रत रुपेशला मोबाइलवर पाठवली आहे, म्हणजे तुम्हाला बैठकीत वाचून दाखवण्याचा त्रास नको. आता निश्चिंत मनाने नाचा.

काजल


सावळीघाट
३ एप्रिल २०२५

काजल,

पंधरा दिवस मी लिहिले नाही, कारण जे लिहायचे होते ते तुझ्या वयाच्या पोरीला लिहिण्यासारखे नव्हते. आता थोडा शांत झालो आहे. फार नाही.

तुझा कागद रुपेशने विहारात मोठ्याने वाचला. टाळ्या पडल्या. “गुरुजीच्या घरातूनच निकाल आला,” म्हणाला. सगळे माझ्याकडे पाहून हसत होते आणि मीही हसलो. दुसरे काय करणार?

दोन दिवसांनी मामी खिळे आणायला धीरजच्या दुकानात गेली. धीरज म्हणजे भैय्याजींचा पुतण्या, पलीकडे त्याचे लोखंडाचे दुकान आहे, पुलाचे दोरही त्याच्याच दुकानातून गेले. तर हा मुलगा मामीला काय विचारतो? “मामी, काजलचं पत्र आलं काय जी? काय लिवलं तिनं?” मामी घरी येऊन मला म्हणाली, “त्याले कसं माहीत, काजल पत्र लिवते म्हून? अन् मले मामी काऊन म्हणे तो?” मी काय उत्तर देऊ? ‘ओळखीतून’ मिळालेले आकडे कोणाच्या ओळखीतून आले ते मला त्याच क्षणी कळले. वर्ध्याच्या कॉलेजात तो तुझ्या वर्गात होता, हे मी विसरलो नाही. भैय्याजींच्या घरचे आकडे घालायचे आणि भैय्याजींच्या सोयीचे उत्तर काढायचे, याला पुण्यात गणित म्हणत असतील. त्यांनी तुला काय देऊ केले ते मी विचारत नाही. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, म्हणून ‘मुरण्यासारखे काही नाही’ हे तुला आपणहून लिहावे लागले.

माझे पाय डगमगतात, असे तू म्हणतेस. आता डगमगणाऱ्या म्हाताऱ्याने कसे मोजले ते ऐक. मी मधोमध दोराला धक्का देऊन परत काठावर आलो. पूल नाल्याच्या वरच्या अंगाला गेला की मामी ‘एक’ म्हणायची, खालच्या अंगाला आला की ‘दोन’, पुन्हा वर गेला की ‘तीन’. मी घड्याळ धरून उभा. एकही झोका सुटलेला नाही. लहानपणी लिंबाच्या झोक्यावर ‘पाच झोके तुझे, पाच माझे’ अशीच आमची मोजणी होती आणि त्यात कोणी कोणाला फसवत नसे.

मामीला बोलायलाच लावले, कारण तिचा उजवा हात तेव्हा अजून गळ्यात बांधलेला होता. तुला सांगू नको म्हणाली होती. जानेवारीच्या शेवटी ती पुलावरून अंगणवाडीत जात होती, समोरून शाळेची पोरे धावत आली, पूल आडवा गेला आणि ती पडली. मनगट मोडले. हे मी पहिल्या पत्रात लिहिले नाही, कारण तुझे उत्तर मामीच्या कळवळ्याने यायला नको होते. तुझे उत्तर दुसऱ्याच कोणाच्या कळवळ्याने आले.

तुझ्यावर मी माझ्या मुलीसारखा जीव लावला. फार दुखले, एवढेच लिहितो.

कवडू


चेन्नई
९ एप्रिल २०२५

मामा,

तुमचे पत्र पुण्याला पोहोचले तेव्हा मी इथे होते, गाडीच्या चाचण्यांसाठी. दिपालीने फोटो काढून पाठवला. तेरा तारखेच्या रात्रीपर्यंत इथून सुटका नाही. काल रात्री वाचले.

मामा, पूल सुरक्षित नाही. मिरवणूक पुलावरून नेऊ नका. आधी एवढे समितीला सांगा, मग पुढचे वाचा.

मामी ‘एक’ म्हणायची वरच्या अंगाला आणि ‘दोन’ खालच्या अंगाला. आमच्या पुस्तकात ते दोन्ही मिळून एक होते. पूल वर जाऊन, खाली येऊन, पुन्हा वर पोहोचला, तेव्हा कुठे एक झोका पुरा. तुमच्या लिंबाखाली गेला तो एक आणि आला तो दुसरा. तुमची मोजणी चुकली नाही, माझा प्रश्न चुकला. ‘झोका कुठे संपतो’ एवढे मी विचारायला हवे होते.

पुलाचा खरा आकडा पंचावन्न आहे. आणि मी तुम्हाला शहाणपणाने लिहिले होते ना, चालणाऱ्यांचे आडवे रेटे पंचावन्न? तोच ताल, मामा. दुप्पट आकडा घातल्यामुळे माझ्या हिशेबात पूल चौपट ताठ झाला होता. आता बरोबर आकडा घालून पुन्हा चालवला. रेघ चढत गेली, चढत गेली आणि पडद्याच्या बाहेर गेली. माणसे तालात चालत राहिली तर पूल दीड हात आडवा जाईल. दोर तुटणार नाहीत. पण तेवढ्यात कोणी उभे राहू शकणार नाही, आणि दोनशे माणसे एकमेकांवर पडतील. पावले तेवढीच, झोकेही तेवढेच, असे तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या मापाने ते अगदी खरे होते, आणि मी तुमची चूक काढत बसले.

आता जे लपवले ते. आकडे धीरजनेच दिले. तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही ते वाचण्याआधीच फाडले असते, म्हणून ‘कार्यालयातून’ लिहिले. ते खोटे होते. पण ऐका, त्याने आणखी एक आकडा दिला होता. हलणे मोजणारे ॲप लावून, पुलाच्या फळीवर मोबाइल ठेवून त्याने स्वतः झोके मोजले होते. पंचावन्न. मार्चमध्येच. मी तो आकडा चालवूनही पाहिला नाही. मला वाटले, हा घरचा आकडा आहे, पूल सावकाश हलतो असे दाखवायचा डाव आहे. तुम्हाला मी सांगत होते की कोणाच्या बाजूने उभे राहायचे नाही, आणि त्याचा आकडा केवळ त्याच्या आडनावामुळे फेकून दिला. तो आकडा त्याच्या काकांना सर्वांत महाग पडणारा होता आणि तरी त्याने दिला.

रुपेशला फोन केला. तो म्हणाला, “ताई, आता काऊन पलटून राह्यली? मामाचा फोन आलता काय?” पुढे ऐकूनच घेतले नाही. मामीला सगळे सांगितले, ती रडायला लागली. धीरजलाही सांगितले. तो एवढेच म्हणाला की मी पाहतो.

मामीचे मनगट कसे आहे? तिच्या हातून मी भाजी वाळवून मागत होते.

तुमची,
काजल


सावळीघाट
१६ एप्रिल २०२५

चि. काजल,

जयभीम. आधी हे वाच: माणसे सगळी सुखरूप आहेत. धीरजच्या कपाळाला टाके पडले, बाकी कोणाला खरचटलेसुद्धा नाही.

फोनवरचे मामीने सांगितले होते, पण समितीपुढे कागद हवा होता; तुझे स्पीड पोस्ट शनिवारी मिळाले. मी चष्मा न काढता तसाच विहारात गेलो, समितीची बैठक चालू होती. वाचून दाखवले. रुपेश जोरजोराने बोलला, मला ऐकू यावे म्हणून, “गुरुजी, मार्चात तुमचीच भाची पूल पक्का म्हणे. आता म्हणता, झोकेच चुकले. मामाने भाचीले फितवलं, दुसरं काय! आपल्याले पयल्यांदा मान भेटून राह्यला, तो तुमाले पचून नाई राह्यला.” सगळे हसले. मी पोरांना झोका म्हणजे काय ते समजावत होतो आणि जितके समजावत होतो तितके हसू वाढत होते. घरी येऊन मी जेवलो नाही. ज्या गावाला मी बाराखडी शिकवली त्या गावाने मला वेड्यात काढले, त्याचे मला फार लागले.

चौदाच्या सकाळी मामीने मला हलवले. गलका तिला ऐकू आला होता. आम्ही नाल्यावर गेलो तर धीरज पुलाच्या आपल्या टोकाला, हातात पाना, फळ्यांचे नट काढत बसलेला. सात-आठ फळ्या काढून त्याने बाजूला रचल्या होत्या. तूच विचार कर काय दिसत असेल. जयंतीचा दिवस, निळे झेंडे लागलेले, आणि सरपंचाचा पुतण्या आपल्या बाजूच्या फळ्या काढतो आहे. तुला खरे सांगतो, तुझे पत्र माझ्या खिशात होते आणि तरीही माझ्या मनात पहिल्यांदा हेच आले की शेवटी यांनी आपली जात दाखवली.

कोणीतरी लेझीम फेकून मारली. ती त्याच्या कपाळावर बसली. रक्त डोळ्यात उतरले तरी तो खांबाला मिठी मारून बसला, हलायला तयार नाही. “मले मारा,” म्हणे, “पन पुलावर नका जाऊ. पूल तोडून नाई राह्यलो जी. फळ्या उद्या मीच लावून देतो.” पोरे त्याला ओढायला धावली.

मग मी भोंग्याच्या गाडीवरचा माइक घेतला. काय काय बोललो ते आठवत नाही. मामी सांगते की मी शिव्या दिल्या. झोके मी मोजले, काजलच्या मापात ते दुप्पट झाले, आणि ज्याने बरोबर मोजले त्याला तुम्ही मारता आहात, असे म्हणालो. कोणाला पटले नाही. तेव्हा मी म्हटले, “रुपेश, तुले हिंमत असन तं जा. सहा पोरं घे, दोन फळ्या टाक, मधात जाऊन लेझीमच्या तालावर चाल. नाल्यात पानी नाई, दोर धरून राहा. पूल नाई हालला तं मी सोता मिरवणूक नेतो.”

सहा जण गेले. काठावर लेझीम सुरू झाली. पहिली थोडी पावले ऐटीत पडली. मग पूल वरच्या अंगाला गेला, खालच्या अंगाला आला, आणि दर वेळी थोडा जास्त. पोरे पाय फाकवून चालू लागली, म्हणजे आणखीच त्याच्या तालात सापडली. मागच्या दोघांनी दोराला मिठी मारली. लेझीम आपोआप थांबली. रुपेश हातापायांवर रांगत काठावर आला. गळ्यातला निळा दुपट्टा काढून त्याने धीरजच्या डोक्याला घट्ट बांधला.

मिरवणूक रपट्यावरून गेली. भैय्याजी हार घेऊन पुलाच्या त्या टोकाला उभे होते, ते घाम पुसत रपट्यापर्यंत चालत आले. हार घातला, हे त्यांचे मी मान्य करतो. पण पुतण्याला सगळ्यांच्या देखत म्हणाले, “घरातच भेदी निघाला. आता घरात येऊ नको.” पुलाला आडवे हलू न देणारे ताणदोर दोन्ही बाजूंनी बसवतो, असेही म्हणाले. बसवतात की नाही ते पाहायला मी रोज जाणार आहे.

तिथून पुढे मिरवणूक माझ्याविना गेली, कारण मी धीरजला घेऊन ऑटोने दवाखान्यात गेलो. वाटेत मी त्याला विचारले, “आकडा देला तो देला, पन हे असं डोकं फोडून काऊन घेतलं रे?” त्याने डोक्याच्या दुपट्ट्याची गाठ आवळली. मी पुन्हा विचारले नाही. एका आकड्यापायी कोणी एवढे करत नाही, हे मला ऐकू न येणाऱ्या कानांनीही कळते. मी त्यांनी तुला काय देऊ केले असेल म्हणून महिनाभर जळत होतो. पाणी खरेच मुरत होते, पण मी खणत होतो तिथे नाही. तुला मी फार वाईट लिहिले, पोरी. ते पत्र फाडून टाक.

टाके घालायच्या आधी नर्सबाईने मला थांबवले. “पेशंटचे तुमी कोन?” मी माझे नाव सांगितले. ती म्हणाली, “नाव नाई इचारलं बाबा, नातं सांगा.”

धीरज माझ्याकडे पाहत होता.

मी म्हणालो, “मामेसासरा.”

त्याने मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. सध्या तो आमच्या ओट्यावर झोपतो आणि मामीच्या हातची भाकर खातो. तुझ्या आईला हे तू कळवतेस की मी कळवू, तेवढे उलट टपाली लिही.

तुझा मामा,
कवडू